पाच तारे, शेवटाकडून

गुरुवारी दुपारी नव्या कॉमिक्सचे पार्सल येई आणि शुक्रवारी दुकान उघडण्याआधी प्रत्येक पुस्तकाखाली एक चिठ्ठी लागलेली असे. बावीस वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता. चिठ्ठ्या दुकानदार भाऊंची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, लिहायच्या. पार्सल फोडणे, पुस्तके मांडणे आणि प्रत्येकाच्या पहिल्या पानावर दुकानाचा गोल शिक्का मारणे ही कामे भाऊंची. वाचायचे काम त्यांच्याकडे कधी आलेच नाही आणि त्यांनी ते मागितलेही नाही.

वहिनींची चिठ्ठी चार-पाच ओळींची असे. 'हिरो फार बोलतो. मारामारी बरी. कुत्रा मरत नाही. शेवट: गोड. तीन तारे.' शेवटी काय होते ते सांगायचे नाही, पण शेवट गोड की कडू एवढे लिहायचेच, हा त्यांचा दंडक. बँकेतली कॅशियर बाई फक्त गोड शेवटाची पुस्तके न्यायची. कडू तिला दिवसभर खिडकीतून पुरेसे मिळायचे. शेजारचे दातांचे डॉक्टरही बाहेरच्या बाकावर ठेवायला गोडच न्यायचे. पाच तारे मात्र वहिनींनी कोणालाच दिले नव्हते. "पाच दिले की लेखक आळशी होतो," असे त्या म्हणायच्या, जणू लेखक चिठ्ठ्या वाचायला दुकानात येणार होते.

चार महिन्यांपूर्वी वहिनी गेल्या आणि चिठ्ठ्या भाऊंच्या गळ्यात पडल्या. त्यांनी लिहिले, 'पाने ३२. रंगीत. कागद बरा. तीन तारे.' दुसऱ्याला तीन, तिसऱ्यालाही तीन.

"भाऊ, सगळ्यांना तीनच?" कॅशियर बाईने विचारले.

"कोणाला वाईट वाटायला नको."

"आणि शेवट?"

"शेवट आहे की. प्रत्येकाला आहे. मी उघडून बघितलं."

कॅशियर बाई रिकाम्या हाताने गेली. हळूहळू बाकीचेही तसेच जाऊ लागले.

दुकानाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे वह्या, पेने आणि दप्तरे, वहिनींची धाकटी बहीण सांभाळायची. तिच्याकडे गिऱ्हाईक असे, जागा नसे. भाऊंकडे जागा असे, गिऱ्हाईक नसे. ती चार महिने गप्प बसली, हेच खूप झाले.

"भावोजी, ही मांडणी काढून इथं दप्तरं लावू या."

"ताईची मांडणी आहे ती."

"मांडणी सुताराची. ताईच्या होत्या त्या चिठ्ठ्या. लोक चिठ्ठ्या वाचायला यायचे आणि जाताना पुस्तक न्यायचे. तुम्ही कागदाची जाडी लिहिता! उद्या वजन लिहाल."

भाऊंनी वजनाचा विचार केला होता.

"एक महिना देते," मेहुणी म्हणाली. "या महिन्यात साठ पुस्तकं येणार. अखेरीला तिसाच्या खाली उरली तर मांडणी राहील. तीस जरी उरली, तरी सुतार. सांगून ठेवलाय त्याला."

"म्हणजे मला वाचावं लागणार."

"बावीस वर्षांनी का होईना!"

भाऊंनी गुरुवारचे पार्सल फोडले आणि त्यातले सर्वांत कमी शब्दांचे पुस्तक निवडले. राखाडी रंगाचे, जाडसर, आणि गोष्टीत एकही शब्द नाही. नुसती चित्रे. पुस्तक परदेशातले होते. दोन्ही पुठ्ठे सारखेच राखाडी, पुढचा कुठला आणि मागचा कुठला ते कळत नसे. शब्द नसलेले पुस्तक वाचायला आपल्यापेक्षा लायक माणूस नाही, असे त्यांना वाटले. पंधराही प्रती सवयीने डावीकडून उघडून त्यांनी पहिल्या पानावर शिक्के मारले आणि स्टुलावर बसले.

पहिल्याच चित्रात एक म्हातारा रिकाम्या घरात एकटा बसलेला होता. समोर चहाचे दोन कप. भाऊंनी पुस्तक मिटले. मग मांडणीकडे बघितले आणि परत उघडले. पुढे दवाखाना, खाटेवर बाई, बाईच्या नाकात नळी. भाऊंनी चष्मा पुसला. पण पुढच्या पानांवर काय झाले, ती बाई उठून बसली! पान उलटले, ती घरी आली. मग स्वयंपाकघरात उभी राहिली. तिचे केस काळे व्हायला लागले. नवराबायको कपाट कुठे ठेवायचे यावरून चार पाने भांडले. मग त्यांचे लग्न झाले. मग ती दोघे एका बसथांब्यावर उभी होती, तरुण, एकमेकांकडे चोरून बघत, आणि पुढे सगळे व्हायचे होते.

भाऊंनी पुस्तक दोनदा वाचले आणि एका दमात चिठ्ठी लिहिली. 'सुरुवात फार वाईट आहे. बाई जाते. पण धीर सोडू नका. ती बरी होते. केसही काळे होतात. लेखकाला माणसं कळतात. शेवट: गोड. पाच तारे.'

पाच तारे! शुक्रवारी ही बातमी गल्लीभर झाली. कॅशियर बाई जेवणाच्या सुट्टीत धावत आली. डॉक्टरांनी तीन प्रती नेल्या. समोरचा शिंपी आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक घेऊन गेला. शनिवारपर्यंत पंधराच्या पंधरा प्रती संपल्या.

"बघ," भाऊ म्हणाले.

"बघतेय," मेहुणी म्हणाली. तिला आनंद झाला होता की धक्का बसला होता, ते चेहऱ्यावरून कळत नव्हते.

सोमवारी कॅशियर बाई आली. डोळे सुजलेले.

"भाऊ, शेवट गोड?"

"गोडच की."

"अहो, ती मरते!"

"मरते ना. सुरुवातीला. लिहिलंय मी तसं."

"सुरुवातीला ते बसथांब्यावर भेटतात!"

"ते शेवटी."

भाऊंच्या डोक्यात प्रकाश पडला. "बाई, तुमची प्रत उलटी बांधली गेली असणार. बांधणीवाल्याची चूक. थांबा, बदलून देतो."

"बदलून काय देता? ती परत मरेल!"

तेवढ्यात दातांचे डॉक्टर पांढऱ्या कोटातच आले. "भाऊ, काय केलंत हे? माझे पेशंट बाहेर बसूनच रडायला लागलेत. मी कोणाला हातसुद्धा लावलेला नाही! नवा माणूस दारातून डोकावतो, सगळे रडताना बघतो आणि परत जातो. एक गृहस्थ दाढ हातात धरून... म्हणजे गाल हातात धरून पळाले."

"तुमच्याही तिन्ही प्रती उलट्या?" भाऊ चक्रावले. "हा तर सगळा लॉटच गेलाय!"

त्यांनी तिथेच पुरवठादाराला फोन लावला आणि गिऱ्हाइकांना ऐकू जावे म्हणून स्पीकर चालू केला. नको ते धाडस केले.

"तुमच्या पुस्तकाची बांधणी उलटी झालीय. पहिलं पान शेवटी गेलंय."

"बरोबर आहे भाऊ, ते पुस्तक तसंच असतं," पुरवठादार म्हणाला. "त्यांच्याकडे उजवीकडून डावीकडे वाचतात. आपलं जे शेवटचं पान, ते त्यांचं पहिलं."

"मग तसं सांगायला नको?"

"सांगितलंय की. तुम्ही डावीकडून उघडलंत तर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात, मुद्दाम मराठीत छापून घेतलंय. 'थांबा, तुम्ही चुकीच्या बाजूने सुरुवात करत आहात.' एवढं मोठं कसं दिसलं नाही?"

कॅशियर बाईने आपली प्रत डावीकडून उघडली. पानाच्या मधोमध दुकानाचा गोल शिक्का होता. शिक्क्याच्या वरून 'थां' आणि खालून 'आहात' एवढेच डोकावत होते. शाई चांगली दाट होती. शिक्क्याच्या कामात भाऊंनी कधी कसूर केली नव्हती.

आता सगळे एकदम बोलू लागले आणि त्याच गर्दीत शिंपी हसऱ्या चेहऱ्याने आत आला. "भाऊ, काय पुस्तक दिलंत! म्हातारा कसा तरुण होत जातो! घरात सगळ्यांना दाखवलं."

"तुम्ही उलटं वाचलंत," डॉक्टर म्हणाले.

"मी सरळ वाचलं. डावीकडून. तुम्हीच काहीतरी भलतीकडून शिरलात."

"अहो, शिरायचं तिकडूनच असतं!"

"मग रडा," शिंपी म्हणाला. "सांगितलंय कोणी?"

यावर जे भांडण झाले, त्यात दप्तर घ्यायला आलेली दोन माणसेही ओढली गेली. संध्याकाळपर्यंत सहा प्रती परत आल्या. गर्दी ओसरल्यावर मेहुणी एवढेच म्हणाली, "भावोजी, ताईची चिठ्ठी कधी खोटी निघाली नव्हती."

हे मात्र भाऊंना लागले. खोटी चिठ्ठी मांडणीवर ठेवणे शक्य नव्हते. नवी लिहायची, तर पुस्तक नियमाने उजवीकडून वाचायला हवे होते. ते बसले. बसथांबा झाला, लग्न झाले, कपाटाच्या भांडणापर्यंत ते आले आणि थांबले. पुढचे एकेक पान त्यांना पाठ होते. त्यांनी पुस्तक मिटून नवी चिठ्ठी लिहिली. 'उजवीकडून वाचल्यास शेवट कडू. डावीकडून वाचल्यास गोड. चूक दुकानदाराची. डावीकडून पाच तारे. उजवीकडून दुकानदाराने अर्धंच वाचलं आहे, म्हणून तारे नाहीत.'

या चिठ्ठीने वेगळाच घोळ झाला. परत आलेल्या सहापैकी पाच प्रती चार दिवसांत पुन्हा गेल्या. शिवाय लोक प्रत्येक नव्या पुस्तकाबद्दल विचारू लागले, "भाऊ, हे शेवटाकडून कसं आहे?" आधी त्यांना वाटले, थट्टा चालली आहे. पण विचारणारे गंभीर होते. मग भाऊ मागच्या पानापासून वाचायला बसू लागले. 'खुनी पहिल्याच पानावर सापडतो. पुढे पोलिसांना काही सुचत नाही. मेलेला माणूस शेवटी जेवायला बसतो. गोड. चार तारे.' आणि दुसऱ्या एकाला, 'हिरो सगळं जग वाचवतो. मग त्याची शक्ती हळूहळू जाते. तो आईकडे राहायला येतो. गोड. साडेतीन.' कॅशियर बाईने दोन्ही नेली आणि डॉक्टर परत यायला लागले. "एक चिठ्ठी सरळ लिहाल तर शपथ," मेहुणी म्हणाली, पण गिऱ्हाइकांसमोर नाही.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. तिने दप्तरांची खोकी आधीच बाहेर काढून ठेवली होती. उरलेली पुस्तके दोघांनी मिळून मोजली. तीस.

"पुन्हा मोज," भाऊ म्हणाले.

"तीनदा मोजली. तीस."

सुतार वेळेवर आला. उंच, मिशाळ, कोणाशी न बोलणारा माणूस. त्याने मांडणी हलवून बघितली, मान हलवली आणि पुस्तके उतरवायला लागला. तीन-चार उतरवल्यावर हातात राखाडी पुस्तक आले. त्याने चिठ्ठी वाचली. मग परत वाचली.

"हे कुठून सुरू करायचं असतं?"

"उजवीकडून," मेहुणी चटकन म्हणाली. "नियम तोच आहे."

भाऊ तिच्याकडे बघत राहिले. ती दप्तरे पुसू लागली.

सुतार उभ्या उभ्याच वाचायला लागला. थोड्या वेळाने स्टुलावर बसला.

"दादा, मांडणी काढायचीय ना?" मेहुणीने विचारले.

"आत्ताच लग्न झालंय. थांबा जरा."

ती थांबली. कपाटाच्या भांडणात सुतार हसला. "भिंतीला चिकटवून ठेवतोय येडा. ओल धरेल." मग पाने सावकाश उलटू लागली आणि एकदम थांबली. त्याने वर बघितले. "हिला काही होत नाही ना, भाऊ?"

मेहुणी दप्तरे पुसायची थांबली. भाऊंना सोपे होते. 'पुस्तक उलटे धरा' म्हटले असते, तर काम झाले असते. माणूस हसत घेऊन गेला असता.

"होतं," भाऊ म्हणाले.

"मग?"

"मग मलाही नाही माहीत. त्या बाजूनं मी पुढं गेलो नाही."

सुताराने थोडा विचार केला आणि स्टुलावर एका कडेला सरकला. भाऊ शेजारी बसले. एका स्टुलावर दोन जाडे माणसे नीट बसू शकत नाहीत, म्हणून प्रत्येकाने एकेक पाय बाहेर टेकवला. सुतार पान उलटायच्या आधी विचारायचा, "झालं?" भाऊ म्हणायचे, "हं." दवाखाना आला. नळी आली. मग दोन कप आले. पुढचे पान शिक्क्याचे होते.

सुताराने मोठ्याने नाक शिंकरले. पुस्तक काखेत मारले, पैसे गल्ल्यावर ठेवले आणि दाराकडे निघाला.

"दादा, मांडणी!" मेहुणी ओरडली.

"आज नको, बाई. आज हात चालायचा नाही." आणि तो गेला.

एकोणतीस. मेहुणीने मोजले नाही. न मोजताच येत होते. तिने दप्तरांचे पहिले खोके उचलून आपल्या बाजूला नेले. परत आली तेव्हा भाऊ चिठ्ठीवर शेवटची ओळ खोडून नवी लिहीत होते. तिने खांद्यावरून वाचले. 'उजवीकडून पूर्ण वाचलं. शेवट: कडू. पाच तारे.'

"कडू शेवटाला पाच? ताईने मेली तरी दिले नसते."

बोलून झाल्यावर तिने जीभ चावली. भाऊंनी टेपचा तुकडा तोडला.

"तिला कुठं तो शेवट वाचावा लागला," ते म्हणाले. "आणि मधली पानं तर तीच आहेत."

मेहुणीने वाकून चिठ्ठीचा कोपरा दाबून बघितला.

"चिठ्ठी सरळ चिकटवा," ती म्हणाली. "वाकडी दिसतेय. आणि त्या पुस्तकाच्या अजून पंधरा प्रती मागवा. पण या वेळी शिक्का मी मारणार."