नानाभाऊंचं सागवानी दार

माझ्या लग्नात नानाभाऊंनी अक्षता डोळ्यांजवळ नेऊन विचारलं, "तांदूळ वरिजनल हाय ना?" मग माझ्याकडे बघून, "आन् पोरगी? वरिजनल नागपूरचीच ना?" मी सातवी पास, म्हणजे स्वतःच्या मते बॅरिस्टर. अशा रागानं मान फिरवली की मुंडावळीच तुटली.

हे आमचे सासरचे, वडशाजवळच्या गावातले शेजारी. बायको केव्हाच गेलेली, पोरबाळ नाही. होती एक जुनी मोटार, आणि तिचा स्क्रूसुद्धा कंपनीचा. एकदा रानडुकरानं धडक देऊन तिच्या दाराचा चेंदामेंदा केला. विम्याचा साहेब आला. म्हणाला, "बाजारचं दार लगेच बसवून देतो."

"विमा काढला तवा माह्या नोटा वरिजनल होत्या का नाई? मंग दार काऊन डुप्लिकेट?"

साहेब घाम पुसू लागला. शेवटी कबूल झाला. दार कंपनीचंच मिळेल, पण मुंबईहून, होळीनंतर. तोवर दुसरं बसवलं तर हक्क गेला.

भाऊ जिंकले! जमलेलं गाव हसत होतं. तेवढ्यात मी पदराआडून पचकले, "मग यंदा वडशाच्या नाटकांना आम्ही बैलगाडीनंच जायचं म्हणा."

दर हिवाळ्यात आळीतल्या बायकांना या रात्रभर चालणाऱ्या नाटकांना भाऊच न्यायचे. त्यांचं तोंड उतरलं. "साऱ्याजणी?"

"साऱ्याजणी."

दुसऱ्याच दिवशी मोटारीला सुताराच्या हातचं सागवानी दार, वर गोठ्याची कडी! मुंबईच्या दारावर भाऊंनी पाणी सोडलं होतं. मी हसून लोटपोट.

"हासू नका बाई, बसा. नाटकाले उशीर होऊन राह्यला."

पण स्वतः मंडपात कधी यायचे नाहीत, मोटारीतच बसून राहायचे. "तिकीट वाचवतात," मी अक्कल पाजळायची.

पहाटे परतताना मात्र विचारायचे, "मंग? काय झालं नाटकात?" दाटीवाटीनं बसलेल्या आम्ही एकदम सांगू लागायचो, भांडायचो, नायिकेसारखं रडून दाखवायचो. जाताना भोंगा वाजवत सुटणारा हा माणूस येताना एकाही बैलगाडीला मागं टाकत नसे.

एकदा गोष्ट गावच्या तळ्यापाशीच संपली.

"बस? एवढंच?" भाऊ हळूच म्हणाले. पुढे त्यांचं कुलूप लावलेलं घर होतं.

"एवढंच कसं? सासू राहिलीच की!" मी म्हटलं.

नाटकात सासू नव्हतीच. पण त्या हिवाळ्यात मी तिला दर गोष्टीत घुसवली, आणि भाऊंच्या फाटकापर्यंत ती बया काही केल्या मरायची नाही.