नऊ तासांचं रिकामं आभाळ

"हा तारा आता माझ्या तावडीतून सुटत नाही!" डॉ. श्रीधर वाकणकरांनी संस्थेच्या कँटीनमध्ये जाहीर करून टाकलं.

साल दोन हजार दोन. अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीनं त्यांच्या ताऱ्यासाठी चक्क नऊ तास मंजूर केले होते. ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण वातावरणातच अडतात, म्हणून दुर्बीण वर फिरते आणि तिच्या वेळेसाठी जगभरचे लोक खाली रांग लावतात. तारा तसा विक्षिप्तच. सूर्याच्या सहापट तापलेला, त्यात जबर चुंबक. असा तारा क्ष-किरणांत झगझगायला हवा, असं वाकणकरांचं म्हणणं.

त्यांची विद्यार्थिनी ऋचा विश्रांतवाडीहून स्कूटरनं यायची. तिच्या पीएचडीचं शेवटचं वर्ष चालू होतं. एका सॉफ्टवेअर कंपनीनं तिला नोकरी देऊ केली होती. या नऊ तासांच्या भरवशावर तिनं उत्तर लांबवलं होतं.

निरीक्षण झालं, माहिती आली. ऋचानं ती उघडली आणि तिचं तोंड उतरलं.

"सर, तारा नाहीये."

"नाहीये म्हणजे? जाईल कुठे?"

दोन दिवस वाकणकर संस्थेत फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी लग्नघरातल्या यजमानासारखे आत शिरले. "ऋचा, अगं हाच शोध! झगझगायला हवा तो तारा गप्प बसलाय! सगळे सिद्धांत बदलणार!"

"सर, एकदा तपासून..."

"तपासलं की! काहीच नाही, तर तपासायचं काय?"

सदाशिव पेठेतल्या एका सभागृहात त्यांचं गुरुवारी व्याख्यान होतं. विषय बदलून 'मौनी तारा' झाला. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. परदेशी तीन प्राध्यापकांना ईमेल गेल्या.

बुधवारी दुपारी ऋचा अर्जाची प्रत घेऊन आली. "सर, आपला तारा दक्षिणेच्या आकाशात आहे. म्हणून अर्जात त्याच्या स्थानाच्या आकड्याआधी उणे हवं होतं. इथं अधिक आहे."

म्हणजे दुर्बीण नऊ तास भलतीकडेच बघत बसली होती! अगदी रिकाम्या आभाळाकडे!

"अर्ज तू टाइप केलास!" वाकणकर ओरडले.

ऋचानं आपला मूळ मसुदा टेबलावर ठेवला. त्यात उणे होतं. तेव्हा वाकणकरांना आठवलं, की तिचे रकाने सरळ नाहीत म्हणून शेवटच्या संध्याकाळी तक्ता त्यांनी स्वतःच पुन्हा टाइप केला होता. ते खुर्चीत बसले. पोरीचं वर्ष आपल्या एका बोटानं घालवलं, हे त्यांना कळलं. त्यांना तिच्याकडे बघवेना.

"व्याख्यान रद्द करू या, सर?"

"नाही. होईल."

गुरुवारी सभागृह भरलं होतं. वाकणकर उभे राहिले. "तारा मौनी नाही. आम्ही चुकीच्या दिशेला बघत होतो. चूक माझी, ऋचाची नाही. तिचा कागद बरोबर होता."

मग पहिल्या रांगेतले एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "अहो, मग आपण विषयाचं नाव बदलायला हवं होतं. आम्ही रिक्षानं आलोय."

बाहेर वाकणकरांनी चाचरत विचारलं, "कंपनीला... होकार देणार?"

"फॉर्मची मुदत पंधरा तारखेला संपते, सर," ऋचा म्हणाली. "दुर्बिणीच्या फॉर्मची. पण या वेळी तुम्ही कॉम्प्युटरला हात लावायचा नाही."

पुढच्या वर्षी चार तास मिळाले. तारा झगझगत होता. लेख छापून आला. पहिलं नाव ऋचाचं, दुसरं वाकणकरांचं, फक्त त्यांच्या आडनावातला एक 'क' गायब.

"कळवू या त्यांना?" ऋचानं विचारलं.

वाकणकरांनी चष्मा पुसला. "नको," ते म्हणाले. "राहू दे."