फोरमनसाहेबांची सुई

सुटा भाग बदलण्याची घाई करणारा माणूस शेवटी देश बुडवतो. हा विचार आमचे शेजारी शेषराव फोरमन यांचा. ते देशाविषयी नेहमीच तळमळीने बोलत, पण या वेळी ज्या सुट्या भागाबद्दल बोलत होते, ती बोट टोचायची एक बारीकशी सुई होती.

फोरमनसाहेब आर्वीच्या एसटी डेपोतून निवृत्त झालेले. त्यांना साखर होती, त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंनाही होती. एकोणीसशे ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आमच्याकडे लघवी तपासून साखर बघत. पण अमेरिकेतल्या पुतण्याने यांच्यासाठी रक्त तपासायच्या पट्ट्या आणि चारशे सुयांचा डबा पाठवला, आणि फोरमनसाहेब गावात एकदम वरच्या दर्जाचे रोगी झाले. घरासमोरच्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला पट्टीचा रंग दाखवत. पट्टी ते ब्लेडने उभी चिरून दोनदा वापरत. सुई मात्र एकच होती. आठ महिने.

"फोरमनसाहेब, सुई कधी बदलायची?" मी एकदा विचारलं.

"मास्तर, टायर कोणी एका फेरीत बदलते काय? तीन डाव रिमोल्ड केल्याबिगर आमी भंगारात टाकत नसतो."

झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवतात ते रिमोल्ड; सुईचं रिमोल्ड म्हणजे ते ती वस्तऱ्याच्या दगडावर घासत. मग फुंकर मारत. फुंकर मारली की ती निर्जंतुक झाली, असा डेपोचा नियम असावा.

एका सकाळी काकूंनी कुंपणावरून हाक मारली. "भाऊजी, जरा याजा. यायचं बोट पाहा."

डाव्या हाताचं मधलं बोट वांग्यासारखं सुजून चमकत होतं. नखाभोवती काळसर झालं होतं आणि मनगटाच्या दिशेने एक लाल रेघ चढू लागली होती. अंगात ताप. फोरमनसाहेब म्हणाले, "थोडं गरम होऊन राह्यलं. थंडं होईल आपोआप."

मी त्यांना वर्ध्याच्या गाडीत बसवलं. काकू शेजारी. मी दर पाच मिनिटांनी ती रेघ बघत होतो. निघताना मनगटाच्या खाली होती. पुलगावला रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी सावकाश जात होती आणि रेघ घड्याळाच्या पट्ट्यापर्यंत पोचली होती. मी घड्याळ काढून घेतलं. फोरमनसाहेब डोळे मिटून होते. मला वाटलं, शुद्ध गेली.

"टॅपेट वाजून राह्यला," इंजिनाची टकटक ऐकून ते पुटपुटले. "सांगजा त्या ड्रायव्हरले."

काकू सारखा एकच प्रश्न विचारत होत्या. "बोट कापतीन काय, भाऊजी?" मी नाही म्हणालो. मला माहीत नव्हतं.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी बोट पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "सुई किती दिवसांची?"

"आठ महिने. तीन डाव रिमोल्ड."

डॉक्टरांना रिमोल्ड कळलं नाही. मी समजावून सांगितलं. मग ते म्हणाले, "दर वेळी नवी सुई घ्यायची असते. संपल्या होत्या का?"

"हाये ना. डबा हाये."

मी भडकलो. "डबा असताना दगडावर घासत बसलात?"

काकूंनाही साखर आहे, हे मी सांगितलं तसे डॉक्टर त्यांच्याकडे वळले. "तुम्हीपण हीच सुई वापरता?"

फोरमनसाहेब तापातही उठून बसले. "नाई, नाई! तिले रोज नवी. एक डाव तिले तिचीच आदल्या दिवशीची लावली होती. बोल्ली काई नाई, पण डोये भरले तिचे." मग खाली बघून म्हणाले, "पुतण्या आता कधी पाठवते, काय माईत. माहं काय, माहे हात ग्रीसमध्येच गेले."

त्यांना आत नेलं. दार बंद झालं. बाकावर काकू पदराचं टोक पिळत बसल्या.

"खरं सांगू, भाऊजी? मले नवीनही तेवढीच दुखते. पण थे रोज विचारतात, दुखलं काय? मी नाई म्हणते. मंग दिवसभर खुशीत राह्यतात."

तासाभराने डॉक्टर बाहेर आले. पू काढला होता, नख गेलं होतं, बोट राहिलं होतं. काकू तिथेच खाली बसल्या. यापुढे सुई एकदाच वापरायची आणि टाकायची, असं डॉक्टरांनी त्यांना दोनदा बजावलं. अमेरिकेच्या सुया संपल्या तर काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, इंजेक्शनची साधी नवी सुई चालते, औषधाच्या कुठल्याही दुकानात मिळते.

फोरमनसाहेबांच्या घरासमोरच्या दुकानात तशा सुया बरणीत भरून ठेवलेल्या असत. ते जिथे बसत, त्या पायरीवरून ती बरणी दिसत असे.