नसीम इमारतीवरील एका वाक्याची मोहीम

पुढे समुद्र, पाठीशी डोंगर आणि मध्ये बैरूत शहर, त्या शहरी नुकत्याच सरलेल्या वसंतात जे वर्तमान घडले ते येथे यथास्थित लिहिले आहे, तरी वाचणाराने हातातील पाव खाली ठेवावा, बोटांचे तेल पुसावे आणि मग पुढे जावे, कारण मजकूर थोर आहे.

हा मुलूख लहान. सकाळी बर्फात घसरावे आणि दुपारी समुद्रात डुंबावे इतका लहान, ऐसे येथील प्रत्येक काका प्रत्येक पाहुण्यास सांगतो आणि स्वतः दोहोंपैकी काहीच करीत नाही. परंतु देवाकडे जाण्याचे रस्ते येथे इतके की त्यांवर वाहतुकीचा हवालदार नेमावा लागेल. येथे फिनिशियन आले, मग रोमन आले, मग अरब आले, मग क्रुसेडवाले फिरंगी आले, मग तुर्क आले आणि बहुत वर्षे हललेच नाहीत, मग फ्रेंच आले, आणि सर्वांची नोंद शाळेच्या पुस्तकी जाहली. मग स्वातंत्र्य आले, झेंडा चढला, आणि तेथेच पुस्तक संपले! पुढे पान नाही. सबब की पुढे आपसांत युद्ध जाहले, आणि त्याची हकिकत एका घरची दुसऱ्या घरी चालत नाही, म्हणोन विद्वान मंडळी त्या पानावर अद्याप मसलत करीत आहेत आणि कॉफी संपवीत आहेत. मुलांनी वर्गात विचारले तर हुकूम होतो, घरी विचारा. घरी विचारले तर हुकूम होतो, शाळेत बोलू नका.

ऐसे असता पालकदिन जवळ आला. दर सालच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक वर्गास भिंतीवर इतिहासाचा एकेक तुकडा नेमून दिला गेला, आणि स्वातंत्र्यानंतरचा तुकडा नववी अ या फौजेच्या वाट्यास आला. हा तुकडा ज्यांस येतो ते दर साल मुकाट्याने झेंड्यावरील देवदाराचे झाड रंगवितात, कारण झाडावर कोणी भांडत नाही. परंतु या साली यमना बेदून, उमर चौदा, आवाज मोठा, ही खासा मुख्याध्यापिकांच्या हुजुरात उभी राहिली आणि बोलली की यंदा देवदार होणार नाही, खरे वाक्य होईल.

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला, पुसला, आणि फर्मान सोडले की एक वाक्य लिहावे, परंतु कोणत्याही एका इमारतीतील हरेक घराने ते कबूल करावे. गुरुवारच्या दुपारपर्यंत न जाहले तर देवदार, आणि तो यमनाने एकटीने रंगवावा, पानापानासुद्धा, समस्त शाळेसमक्ष.

नववी ब चा सरदार फारेस दारातच उभा होता.

"यमना, माझ्याकडे हिरवा रंग उरलाय हं. लागला तर लाजू नकोस."

"तो तुझ्या तोंडाला लाव. शोभेल."

मग यमनाने आपल्याच नसीम इमारतीवर मोहीम मांडली. ही इमारत सहा मजली, तीत सुन्नी, शिया, द्रुझ, मारोनी, आर्मेनियन आणि ऑर्थोडॉक्स ऐसी सहा पंथांची सहा घराणी नांदतात, आणि लिफ्ट कोणाकडून दुरुस्त करावी यावर त्यांचे एकमत न झाल्याने ती लिफ्ट चौथ्या मजल्यावर समाधिस्थ आहे. कुमकेस जिवलग मैत्रीण सिरवार्ड घेतली. तिजकडे कॉफीचे खाते दिले, कारण येथे दारी गेल्यावर कॉफी नाकारणे म्हणजे लढाईस तोंड फोडणे, आणि यमनाला कॉफीने मळमळते.

पहिला हल्ला तळमजल्यावरील शौकत न्हाव्याच्या दुकानी जाहला, आणि येथेच यमनाने घात केला. तिने काका या अर्थी अम्मो म्हणोन पुसले की अम्मो शौकत, युद्ध सुरू कुणी केलं?

"कुणी केलं?" शौकतने वस्तरा वर धरला. खुर्चीतले गिऱ्हाईक अर्धे साबणात होते. "अगं, सगळ्या बैरूतला माहीत आहे!"

जिन्यावरून दुसऱ्या मजल्याचे हाज महदी उतरत होते, ते थांबले. "काय माहीत आहे? बोल ना शौकत, बोल. ऐकतोय मी."

"तू ऐकणार? तुझी बायको सांगून थकली!"

वरून पाचव्या मजल्याचे अबू वाइल कठड्यावर ओणवे होऊन ओरडले, "दोघंही खोटं बोलताय! काय म्हणालात ते ऐकू आलं नाही, पण खोटंच असणार!"

मग मजल्यामजल्यांची दारे उघडली आणि ऐसी धुमश्चक्री जाहली की गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी पळून गेले आणि यमना-सिरवार्डचे सैन्य शिकस्त खाऊन जिन्याखाली दडले.

सिरवार्ड म्हणाली, "तू भांडणच विचारतेस गं. मग भांडणच मिळणार. तोफा चालायच्या तेव्हा तुम्ही बसायचात कुठं, एवढंच विचार की."

दुसऱ्या दिवशी ते हत्यार बाहेर काढिले, आणि काय चमत्कार सांगावा! हरेक गड बोलला की खाली, तळघरात, सगळे एकत्र. आणि तिथलं काय आठवतं ऐसे पुसता हरेकाने आधी जिन्याकडे पाहिले, मग आवाज खाली आणिला.

"घोरणं," शौकत कुजबुजला. "सहाव्या मजल्यावरची ओडेत. जनरेटर चालू झाला वाटायचं."

"तोफा थांबायच्या, ती थांबायची नाही," अबू वाइल म्हणाले.

हाज महदींनी घोरण्याची नक्कल इतकी हुबेहूब केली की आतून बायको धावत आली. आणि तिसऱ्या मजल्याचे गाराबेद चांभार म्हणाले, "आमचा थोरला तिथंच बोलायला शिकला. पहिला शब्द 'बाबा' नाही हं. पहिला शब्द 'खुर्रर्र'."

तेव्हा वाक्य सिद्ध जाहले: युद्धात नसीम इमारतीतले सगळे एकाच तळघरात बसत आणि सित्त ओडेत घोरत असत. घरोघर छातीवर हात ठेवोन कबुली मिळाली. ऐसे एकमत त्या इमारतीने बांधल्यापासून पाहिले नव्हते.

राहिला एक गड, सहावा. तेथे सित्त, म्हणजे बाईसाहेब, ओडेत, पियानोच्या शिक्षिका, गळ्यात मोती, पाठ काठीसारखी. त्यांचा उभ्या गल्लीत दावा की युद्धात आपण डोळ्यास डोळा लावला नाही.

"कोण म्हणतं मी घोरायचे?"

"सगळेच, सित्त."

"सगळे? यांचं लिफ्टवर एकमत होत नाही, आणि माझ्या नाकावर होतं?" आणि दार बंद जाहले.

बुधवार उजाडला. फारेसने हिरव्या रंगाचा डबा यमनाच्या बाकावर आणोन ठेविला, सोबत कुंचलाही. यमना घरी येऊन जिन्यावर बसली आणि ओठ दाताखाली धरिला, परंतु एक टिपूस निसटलेच. शौकतने ते पाहिले. न्हाव्यास कळले म्हणजे इमारतीस कळले. मग ज्येष्ठ मंडळी प्लास्टिकच्या खुर्च्या डोक्यावर घेऊन, धापा टाकीत, प्रत्येक मजल्यास लिफ्टला शिव्या देत सहाव्या मजल्यावर चढली आणि दारापुढे वेढा घालोन बसली.

"ओडेत, 'हळू घोरत असत' लिहू," अबू वाइलनी तहाचे कलम घातले.

"हळू?" शौकत उसळला. "मुलांच्या इतिहासात खोटं लिहायचं? आपण काय विद्वान आहोत?"

दार उघडले. सित्त ओडेत यांनी सर्वांस पाहिले, मग यमनाच्या लाल नाकास पाहिले.

गाराबेद हळूच म्हणाले, "रागावू नकोस. माझी पोरं त्या आवाजावरच झोपायची."

"मला माहीत आहे ते, मूर्खा. मी झोपायचे कधी? पोरं तोफांचे आवाज मोजत बसायची, हा लांबचा, हा जवळचा. मी घोरायला लागले की म्हणायची, ओडेत झोपली, म्हणजे काही नाही. आणि झोपायची. मी पहाटेपर्यंत घोरत बसायचे. घसा सोलून निघायचा माझा!"

शौकत खुर्चीवरून उठला.

"अगं बाई," शौकत म्हणाला. "आणि मी तुला उशी फेकून मारायचो."

"चांगली होती उशी. अजून आहे माझ्याकडे."

मग सित्त ओडेत यांनी फर्मान दिले की वाक्यात 'मुद्दाम' हा शब्द घालावा, ठळक लिहावा, तर कबुली. घातला. ठळक लिहिला. सहावा गड फत्ते जाहला, आणि सिरवार्डने त्या दिवसाची शेवटची कॉफी डोळे मिटोन प्राशन केली.

गुरुवारी, दुपारच्या घंटेपूर्वी, वाक्य भिंतीवर चढले. मुख्याध्यापिकांनी वाचले, पुन्हा वाचले, आणि चष्मा पुसावयास बराच वेळ घेतला. फारेस आपला डबा आपणच उचलोन गेला. पालकदिनी लोक देवदार पाहण्याच्या सवयीने तेथून झपझप निघाले ते एकाएकी थबकले.

"ही काय घोरणार!" कोणी अनोळखी गृहस्थ बोलला. "आमच्या तळघरात माझा सासरा होता!"

"तुमचं तळघर कुठलं?"

"तुमचं कुठलं ते आधी सांगा!"

आणि मग त्या भिंतीपाशी ऐसी गर्दी लोटली की फिनिशियनांकडे कोणी फिरकले नाही, आणि जे जन्मात बोलले नव्हते ते हातवारे करोन बोलू लागले, आणि शिपायाने दिवे घालविले तरी हटेनात. येणेप्रमाणे पुस्तक जेथे संपले होते तेथून पुढे एक वाक्य यमना बेदूनने जिंकोन घेतले, देवदार एकही रंगविला गेला नाही, आणि सहा घरांची कबुली ठळक अक्षरांसह या भिंतीवर कायम जाहली.