त्यागमूर्ती द्वारकाताईंचे काटे

एका जंगलात, म्हणजे तुमच्या कॉलनीत आहेत तितकीच शहाणी जनावरं असलेल्या एका जंगलात, द्वारकाताई नावाची सायाळ राहायची. सायाळ माहीत आहे ना, मुलांनो? पाठभर लांब, काळेपांढरे, टोकदार काटे असलेलं जनावर. माहीत नसेल तर आता कळलं. मध्ये मध्ये बोलू नका.

द्वारकाताईंच्या पाठीवर काटे होते, पण जिभेवर एकही नव्हता. "काटेवाल्यांनी चार शब्द जास्तच गोड बोलावं गं, नाहीतर आपल्याजवळ कोण येणार?" असं त्यांची आई सांगायची. ताईंनी ते फार मनावर घेतलं. कोणी काही मागितलं की 'नाही' हा शब्द त्यांच्या गळ्यापर्यंत यायचा आणि तिथून 'हो' होऊन बाहेर पडायचा.

सुरुवात शिंपिणीने केली. पानं शिवून घरटं बांधणारी ही चिमुकली पाखरीण एके दिवशी आली आणि म्हणाली, "ताई, एक काटा द्या ना. सुईला हवाय."

ताईंनी उपटून दिला. चांगलंच दुखलं. पण शिंपीण म्हणाली, "तुमच्यासारखं कोणी नाही हो!" त्या एका वाक्याने ताईंना इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी जेवायचंच विसरल्या.

मग काय, रांगच लागली. मोराला पाठ खाजवायला काटा हवा होता. कोल्हा वनमंडळाचा कार्यवाह. त्याला सभेचे ठराव लिहायला लेखणी हवी होती. माकडांना कशाला हवे होते ते माकडांनाही ठाऊक नव्हतं, पण फुकट आहे म्हटल्यावर त्यांनी सात नेले.

आणि बिबळ्या. तो रोज सकाळी जेवण आटोपून यायचा, दारात उभा राहायचा आणि अदबीने म्हणायचा, "ताई, दातात जरा अडकलंय. एक काटा मिळेल का?"

एकदा त्याच्या दातात जे अडकलं होतं, ते ताईंचे मावसभाऊ होते. ताईंनी ओळखलं. तरीही काटा दिला. दारी आलेल्याला विन्मुख पाठवायचं? बरं दिसतं का ते?

बिबळ्या कधीही एकाहून जास्त काटे मागत नसे. केवढा संयम, केवढी सभ्यता, असं सगळे म्हणत. मग एका सकाळी काटा घेता घेता त्याने ताईंच्या पाठीवरून मायेने पंजा फिरवला. पाठ कापणी झालेल्या शेतासारखी झाली होती. शेपटीकडे बारा काटे तेवढे उभे होते.

"आता थोडेच राहिले, नाही का?" बिबळ्या म्हणाला.

त्या दिवशी ताईंना पहिल्यांदा भीती वाटली. त्या तडक तळ्याकाठी कासवाकडे गेल्या. कासव 'आपली सीमा, आपली गरिमा' नावाचं शिबिर घ्यायचं.

"फक्त 'नाही' म्हणायचं आणि गप्प बसायचं," कासव म्हणालं. "कारण सांगायचं नाही. कारण सांगितलं, की समोरचा ते दूर करून देतो आणि मग काटाही द्यावाच लागतो."

"पण समोरच्याला वाईट वाटलं तर?"

"वाटू द्या."

"आणि मला वाईट वाटलं तर?" ताईंनी विचारलं. पण शिबिराची वेळ संपली होती. कासवाने मान आत घेतली.

ताईंनी घरी येऊन एका धोंड्यासमोर सराव केला. "नाही," त्या धोंड्याला म्हणाल्या. धोंडा काही बोलला नाही. तो दुखावला असेल, असं वाटून त्यांना रात्रभर झोप लागेना. सकाळी त्यांनी त्याची माफी मागितली.

तेवढ्यात बिबळ्याऐवजी कोल्हा पेढे घेऊन आला. "ताई, अभिनंदन! यंदाचा 'त्यागमूर्ती' पुरस्कार तुम्हाला. प्रमुख पाहुणे बिबळ्यासाहेब. शाल तेच घालणार आहेत."

ताईंचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत कोणीतरी दखल घेतली, म्हणून आले. पाहुण्यांचं नाव त्यांच्या डोक्यात जरा उशिरा शिरलं.

त्याच दुपारी वडाखाली मांडव उभा राहिला. सगळं जंगल जमलं. ताईंच्या शेजारी राहणारा वामनराव ससा पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होता. तोही ताईंच्याच पंथातला. पाहुण्यांना बीळ देऊन स्वतः पावसात बसणारा. व्यासपीठावर आधीच्या मानकऱ्यांची यादी टांगली होती. कै. हरिणी, कै. मेंढी, कै. रानकोंबडा. ताईंनी ती वाचली. पुन्हा वाचली. 'कै.' नसलेलं एकही नाव त्यांना सापडेना.

तेवढ्यात कोल्हा कानाशी आला. "ताई, मांडवाची पानं सुटताहेत. टाचायला तुमचे तेवढे बारा काटे द्या. तुमच्याच सत्काराचा मांडव आहे."

ताईंच्या गळ्यात तो शब्द आला. नेहमीसारखा तिथे अडखळला. या वेळी मात्र ताईंनी त्याला तसाच बाहेर ढकलला.

"नाही."

"म्हणजे... सहा?"

"नाही."

"कारण तरी सांगा!"

कारण ताईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ओठ मिटले. सगळा मांडव कारणाची वाट पाहत बसला.

"असू दे, असू दे," बिबळ्या हसत उठला. "आपण शाल घालून घेऊ." तो शाल पसरून जवळ आला. त्याचा श्वास ताईंच्या उघड्या पाठीला लागला.

"शालही नको," ताई म्हणाल्या. त्यांनी बिबळ्याकडे पाठ केली, बाराच्या बारा काटे ताठ केले आणि एक पाऊल मागे सरकल्या.

तीन काटे नाकात घुसले. बिबळ्या असा केकाटला, की वडावरची वटवाघळं उडाली.

मग जो गदारोळ झाला तो विचारू नका. "पाहुण्यांचं नाक!" "ताई पूर्वीच्या राहिल्या नाहीत!" "डोक्यात हवा गेली!" शिंपीण म्हणाली, "मला तर आधीपासूनच त्या टोचायच्या." कोल्ह्याने तिथल्या तिथे निषेधाचा ठराव लिहिला. लेखणी ताईंचीच होती.

पण मांडव घातलेला, नारळ आणलेला. पुरस्कार वाया कसा घालवायचा? कोल्ह्याने पहिल्या रांगेकडे पाहिलं.

"वामनराव, नाही म्हणा!" ताई जीव तोडून ओरडल्या.

"अहो द्वारकाताई, एवढी मंडळी जमलीत," ससा कसनुसं हसत उठला. "बरं दिसतं का ते?"

बिबळ्याने त्याला शाल घातली. समारंभ झकास झाला. एकटं कसं सोडायचं, म्हणून बिबळ्या वामनरावांना घरी पोचवायलाही गेला. दुसऱ्या दिवशी यादीत एक 'कै.' वाढला.

शोकसभा तर सत्काराहून थाटात झाली. "कुठे वामनराव आणि कुठे ती सायाळ!" असं प्रत्येक वक्ता म्हणाला. ताईंना बोलावणं नव्हतं. त्या घरी बसून एकट्याच रडल्या, कारण वामनरावांसाठी रडणारं दुसरं कोणी नव्हतं.

हळूहळू त्यांच्या पाठीवर नवे काटे आले. एका सकाळी दारात ओळखीचा आवाज आला, "ताई, दातात जरा..."

"नाही," ताई आतूनच म्हणाल्या.

बिबळ्या नखाने दात कोरत निघून गेला. ताईंना वाईट वाटलं का? वाटलं, चांगलं घटकाभर वाटलं. मग त्या पोटभर जेवल्या.

तात्पर्य : मुलांनो, मागेल त्याला आपलं सगळं द्यावं. 'नाही' म्हणणाऱ्या आपमतलबी जनावराचा कुठेही सत्कार होत नाही. बिचाऱ्याला म्हातारं होऊनच मरावं लागतं.