गार्डकाकांचे अप आणि डाऊन

अकोल्याला स्टेशनामागच्या गल्लीत मी खोली घेऊन राहत होते. त्या गल्लीच्या तोंडाशी रोज सकाळी दहाला एक म्हातारा लोखंडी खुर्ची टाकून बसायचा आणि हातातली लाल झेंडी आडवी धरायचा. भाजीवाली असो, कल्हईवाला असो, घंटी वाजवत आलेला पोस्टमन असो, सगळ्यांनी थांबायचं.

"पाखरं झोपून राहिली," म्हातारा दबक्या आवाजात सांगायचा. "आवाज न करता जात असान तं हिरवी देतो."

समोरच्यानं मान डोलावली की काखेतली हिरवी झेंडी बाहेर यायची. कल्हईवाला ओठ मिटून, हातगाडी उचलल्यासारखी ढकलत जायचा. हे चार वाजेपर्यंत चालायचं.

हे गार्डकाका, माझे घरमालक. तीस वर्षं त्यांनी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढली होती. रिटायर झाले तरी गाडी त्यांच्या अंगातून उतरली नव्हती. जेवायला बसायचं म्हणजे "लाईन क्लिअर" आणि सर्दी झाली की "इंजीन फेल". बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि त्यांची दोन कॉकटील पाखरं. राखाडी अंगाची, पिवळ्या शेंडीची, गालावर शेंदराचा टिळा लावावा तसा केशरी ठिपका असलेली. गल्ली त्यांना 'शेंडीवाले पोपट' म्हणायची. काकांनी नावं ठेवली होती अप आणि डाऊन.

भुसावळचा एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर नोकरी सोडून ऑस्ट्रेलियाला निघाला, तेव्हा पाखरं यांच्या हवाली करून गेला. काकांना त्याचं फार नवल वाटायचं.

"ही पाखरं मुळातली तिकडचीच," ते सांगायचे. "सायेब गेला याईच्या देशात, आन् हे राहिले अकोल्यात. आता इथल्या उन्हात याईले कोन पाहीन?"

पाहायचे मात्र असे, की माणसांनी हेवा करावा. नळ आला की पहिला तांब्या पाखरांचा. आधी काका स्वतः एक घोट घेऊन चव पाहणार, मग वाटी भरणार. पाणी सकाळ-संध्याकाळ बदललंच पाहिजे, उन्हाळ्यात दुपारीही. वाटी रोज घासायची आणि दांडीच्या खाली कधीच ठेवायची नाही, कारण "वरून माल उतरते." एकदा मी विचारलं, "काका, सकाळचंच पाणी आहे ना? स्वच्छ दिसतंय की."

"तुले सकाळचा चहा संध्याकाळी देऊ का?" काका म्हणाले. पुन्हा मी विचारलं नाही.

झोपेचा नियम तर पाण्याहून कडक. दिवेलागणीला पिंजऱ्यावर चादर पडायची ती सकाळपर्यंत. बारा तास झोप. कोपऱ्यात कंदील मात्र बारीक ठेवायचा, कारण मिट्ट काळोखात पाखरं दचकतात आणि पंख आपटून घेतात. मी संध्याकाळी ड्यूटीला निघायचे तेव्हा काका चादरीची टोकं नीट करत असायचे.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. घर अमरावतीला, राजापेठेत. घरात नोकरीला लागलेली मी पहिली मुलगी. त्या उन्हाळ्यात मला सलग रात्रपाळी आली. सकाळी घरी यायचे, दोन घास खायचे आणि दहाला आडवी व्हायचे ती चारला उठायचे. झोप लागायची दगडासारखी. कधी कधी मनात यायचं, रात्रभर झोपून ही पाखरं पुन्हा दहा ते चार झोपतात, मग जागी असतात केव्हा? पण झोप इतकी अनावर असायची की विचार तिथंच संपायचा.

एकदा भर दुपारी उकाड्यानं जाग आली. तोंड धुवायला मागच्या विहिरीवर गेले, तर पलीकडच्या गोठ्यातून शीळ ऐकू आली. आत डोकावले. अप आणि डाऊन टक्क जागे! पितळेच्या ताटलीतल्या पाण्यात पंख फडफडवत नुसता कालवा चाललेला. शेजारी समोरच्या घरातल्या गिरजाबाई गहू निवडत बसल्या होत्या. मला पाहून त्या दचकल्या.

"अवो बाप्पा! तू काहून उठली? आता गार्डसायेब मले बोलतीन ना!"

"पाखरं झोपली नाहीत?"

"दुपारच्याले कुठची पाखरं झोपते? डुलकी घेतीन घटकाभर. तुले रातपाळी लागली तवापासून रोज सकाळी पिंजरा इकडे आनून ठेवते तो. इथं ओरडले तं तुया खोलीत आवाज येत नाही म्हने."

मी तशीच चपला न घालता गल्लीच्या तोंडाशी गेले. काका छत्री उघडून उन्हात बसले होते. मला पाहताच उठले.

"कोन ओरडलं? काहून उठली तू?"

"काका, पाखरं जागी आहेत."

काका झेंडीची गुंडाळी करत राहिले. मग म्हणाले, "मानसासाठी चूप बसा म्हटलं, तं लोक भांडतेत. पाखरासाठी म्हटलं, तं हासतेत आन् चूप बसतेत."

"पण तुम्ही एवढ्या उन्हात..."

"मी रातच्या गाडीवरून येत होतो ना, तवा माही बायको बसे अशीच दारात. कोनाले बोलू दे नाही. तीस वर्सं. मले वाटे, आपली गल्ली मोठी शांत हाय." ते थोडं हसले. "ती गेल्यावर पहिल्या दिवशी कळलं, किती गलका असते इथं. तिले सांगाचं राहून गेलं. झोपलेला मानूस काय सांगीन?"

मला खूप काही बोलायचं होतं. तीन महिने मी वॉर्डात एकदाही पेंगले नव्हते, इंजेक्शन देताना हात थरथरला नव्हता, ते कुणामुळे, हे आत्ता समजत होतं. पण मी एवढंच विचारलं, "काकूंचं नाव काय होतं?"

काकांनी छत्री मिटली. माझ्याकडे न बघता ते इतकं हळू बोलले की मला पुन्हा विचारावं लागलं.

"सगुणा," ते म्हणाले. आणि थोडं थांबून, जणू ऐकायला बरं वाटलं म्हणून, आणखी एकदा म्हणाले, "सगुणा."