बेगिमायचं पोट आणि शिशाचा गोळा

आठवडा झाला, बेगिमायचं पोट दुखत होतं. दहा वर्षांची पोर, एरवी तोंडाचा पट्टा सतत चालू. आता धड जेवत नव्हती की बोलत नव्हती. सपारबेकला लेकीची फार काळजी वाटत होती. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "पोटात काही नाही. तिला जरा विचारा."

"पोटातच काही नाही, तर तिला विचारून काय कळणार?" असं म्हणत सपारबेक घरी परतला.

त्याच्या आईने, कालिपाआजीने, निकाल दिला. "पोर भ्यालीय. शिसं ओतायला हवं."

त्यांच्या कोचकोर गावात पोर भ्यालं की हाच उपाय. पोराच्या डोक्यावर पाण्याचा वाडगा धरायचा, त्यात वितळलेलं शिसं ओतायचं आणि जो आकार निघेल, त्याला पोर भ्यालं असं समजायचं. सपारबेकने मासेमारीच्या गळाची आवडती शिशाची वजनं जड मनाने वितळवली. वाडग्यात 'चर्र' झालं.

"कुत्रा," आजी म्हणाली. तरुणपणी तिला कुत्रा चावला होता. घरचा म्हातारा कुत्रा लगेच टेम्पोत घालून डोंगरातल्या कुरणावर रवाना झाला.

"कुत्र्याला शिंगं असतात होय? बैल आहे तो," शेजारचा तुरगुनबेक म्हणाला. मागच्या वर्षी त्याच्याच बैलाने त्याला कुंपणावर फेकलं होतं. लगोलग त्याने बैलाला दोन-दोन दोरांनी बांधलं आणि बैलाने दोन्ही घरांमधलं कुंपणच उपटलं.

सपारबेकच्या बायकोला, नुरझातला, कमरेवर हात ठेवलेली बाई दिसली. कोण, ते सासूसमोर तिने सांगितलं नाही. स्वतः सपारबेकने गोळा पाहिला आणि झटकन खाली ठेवला.

अंगणात कुंपण दुरुस्त होऊ लागलं, तशी बेगिमाय हळूच म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही."

सपारबेकच्या हातातला हातोडा थांबला. "सांग की, बाळा."

"मला माइक दिसतो, बाबा. आजोबांच्या सत्तरीचा. तीनशे माणसांपुढे मला कोमूझ वाजवायचंय ना."

सपारबेक हातोडा ठेवून तिच्याशेजारी बसला. सत्तरीच्या मेजवानीत थोरल्या मुलाने, म्हणजे त्यानेच, चार शब्द बोलायचे असतात. त्याने मात्र परस्पर जाहीर करून टाकलं होतं, "बोलायचं काय त्यात? आमची बेगिमाय कोमूझ वाजवेल." लेकीचं कौतुकही होतं त्याला, नाही असं नाही. पण आपली भीती आपण या एवढ्याशा पोरीच्या डोक्यावर ठेवली, हे आता कळलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"मलाही माइकच दिसला गं," तो म्हणाला. "तू नको वाजवूस. मी बोलतो."

त्या संध्याकाळी बेगिमायने दोन वाडगे नूडल्स खाल्ल्या आणि सगळ्यांचं डोकंही खाल्लं.

मेजवानीच्या दिवशी सकाळी सपारबेकचं पोट दुखायला लागलं. आजी उठली आणि उरलेलं शिसं शोधू लागली.

"राहू दे, आजी," बेगिमाय म्हणाली. ती बापाला खेटून बसली आणि तिने त्याचा हात हातात घेतला.

"बाबा, नेमकी कशाची भीती वाटते? सांगा. मला वेळ आहे."